अडीच टनी ट्रकचा हौदा

मॉडेल बनवायचा शौक लागलेल्या मुलाला ‘पहिले काय बनवणार?’ असे विचारा, उत्तर बहुतेक ‘रणगाडा’ असेच येते. नगरचे रणगाडा संग्रहालय पाहून शाळेची सहल परत निघाली की बसमध्ये दुसरा विषय नसतो. तोफ, पट्ट्याची चाके, अंगभर चिलखत, मुलांचे मन तिथेच जाणार. ट्रकचे नाव कोणी काढत नाही. ट्रक काय, दाराबाहेर रोजच दिसतो! या महिन्यात आम्हाला मात्र या बिचाऱ्या ट्रकचीच वकिली करायची आहे. तीही लष्करी ट्रकची, आणि तो पस्तीस पट लहान करून टेबलावर कसा उभा करावा याची.

एका शंकेचे उत्तर आधीच देऊन टाकतो. ‘सर, मुलाच्या हातात युद्धाचे खेळणे कशाला?’ असे पालक आम्हाला विचारतात. शंका रास्त आहे. म्हणूनच आम्ही मुलांपुढे ट्रक ठेवतो. ट्रक गोळी झाडत नाही. तो पीठ, औषध, पेट्रोल, बूट, टपाल वाहतो. दारूगोळाही वाहतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण युद्ध म्हणजे नुसती बहादुरी नसते, त्यामागे हजारो माणसांची हमाली असते, ही गोष्ट मुलाला ट्रकइतकी कोणी नीट सांगत नाही.

आम्ही निवडलेला ट्रक आहे अमेरिकेचा जीएमसी सीसीकेडब्ल्यू. दुसऱ्या महायुद्धातला अडीच टनी, सहाही चाकजागांना ताकद मिळणारा. नावातली अक्षरे म्हणजे कारखान्याचा संकेत आहे. पहिला ‘सी’ म्हणजे १९४१ चा आराखडा, दुसरा ‘सी’ म्हणजे नेहमीच्या घडणीची, बॉनेटमागची केबिन, ‘के’ म्हणजे पुढच्या चाकांनाही ड्राइव्ह आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे मागे ताकद घेणारे दोन अ‍ॅक्सल. या कुळातल्या साडेपाच लाखांहून अधिक गाड्या युद्धाच्या काळात तयार झाल्या. जपानच्या तामिया कंपनीने १:३५ या प्रमाणात त्याचा संच काढला आहे. इटालेरी आणि हॉबीबॉस यांचेही संच आहेत.

१:३५ म्हणजे काय, हे वर्गात सांगायला आम्हाला फार आवडते. लांब हौद्याचा खरा ट्रक साधारण साडेसहा मीटर लांब. भागिले ३५ केले की साडेअठरा सेंटिमीटर, म्हणजे कंपासपेटीपेक्षा थोडासा मोठा. पावणेसहा फुटी ड्रायव्हर पाच सेंटिमीटरांचा होतो आणि त्याचा चेहरा जेमतेम साडेसहा मिलिमीटरचा. गुणोत्तर-प्रमाणाचा धडा ज्या मुलांच्या डोक्यावरून जातो, त्यांना हे गणित मात्र तोंडपाठ होते. एक गंमत आणखी. मराठीत आपण ‘नक्कल’ म्हणतो तेव्हा परीक्षेतली चोरी किंवा कुणाची केलेली थट्टा आठवते. उर्दूत ‘नक्ल’ हा शब्द ‘अस्ल’च्या जोडीने येतो आणि अस्लशी इमान राखले नाही, तर ती नक्ल खोटी ठरते. आमच्या वर्गात नक्कल करायला परवानगी असलेला हा एकच तास.

बांधणी चॅसीपासून सुरू होते, आणि घाई करणाऱ्याचे काम इथेच फसते. फ्रेममधून सुटे भाग पिळून तोडू नयेत. बारीक कटरने थोडे लांबून कापावेत, उरलेला टोक कानसने आणि मग ४०० व ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावा. प्लॅस्टिकचे पातळ सिमेंट दोन भाग जुळवून धरल्यावर फटीजवळ कुंचल्याने नुसते टेकवायचे. ते आपोआप आत शिरते. (खिडकी उघडी हवी, आणि लहान मुलांनी हे काम मोठ्यांच्या देखतच करावे. त्याची वाफ चांगली नव्हे.) चॅसीचे दोन लांब दांडे समांतर बसले की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. काचेचा सपाट तुकडा घ्यावा आणि सिमेंट ओले असतानाच चाके लावून ट्रक त्यावर ठेवावा. पुढे दोन, मागे जोडीजोडीने आठ, अशी दहाच्या दहा चाके काचेला टेकली पाहिजेत. एक जरी अधांतरी राहिले तरी पाहणाऱ्याला सांगता येत नाही, पण काहीतरी चुकले आहे हे त्याला जाणवते.

जाणकार लोक हा ट्रक हातात घेताच उलटा करून पाहतात. का, तर त्याचे अ‍ॅक्सल दोन प्रकारचे असत. एकाचे हौजिंग मधोमध जोडून बोल्ट मारलेले, दुसऱ्याचे बँजो वाद्यासारखे गोल. चाकांमधले अंतरही दोन तऱ्हांचे, १४५ इंच आणि १६४ इंच. केबिनही दोन तऱ्हांची. आधी लोखंडी छपराची बंद केबिन, पुढे पोलाद वाचवण्यासाठी कापडी छपराची उघडी. हौदासुद्धा काहींचा पोलादी, काहींचा लाकडी. यातले कशाबरोबर काय जाते, हे एखादा जुना फोटो समोर ठेवून ठरवावे. आम्ही मुलांना सांगतो, आधी फोटो, मग सिमेंट.

आता मुख्य गोष्ट. संच तयार करणारा कारखाना आपल्याला रिकामा ट्रक देतो. त्याचे कमानपाटे रिकाम्या गाडीसारखे वाकलेले असतात, टायर गोल गरगरीत असतात. आपण मात्र हौद्यात खोकी, पिंपे, डबे यांचा डोंगर रचतो आणि गाडी तशीच ताठ उभी राहते, जणू आत कापूस भरला आहे! ऊस भरलेला ट्रक ज्याने पाहिला आहे, त्याला यातला खोटेपणा समजावून सांगावा लागत नाही. वजन आले की पाटे सपाट होतात, मागची बाजू बसते, मडगार्ड आणि टायर यांच्यातली जागा कमी होते, टायर जमिनीजवळ फुगतो. मॉडेलमध्ये हे साधता येते. पाट्यांचा जोड दोन-तीन ठिकाणी अर्धवट कापून ते सरळ करावेत. टायरचा तळ पॉलिश पेपरवर घासून किंचित चपटा करावा. अर्धा मिलिमीटर पुरे. एवढ्याने तो साडेअठरा सेंटिमीटरांचा ट्रक एकदम जड दिसू लागतो.

पण किती जड? हा प्रश्न आला की इतिहासात जावेच लागते. ६ जून १९४४ ला मित्रराष्ट्रांच्या फौजा फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. जर्मनांना कुमक मिळू नये म्हणून फ्रान्सची रेल्वे त्यांनीच आधी बाँब टाकून मोडून ठेवली होती. ऑगस्टअखेर फौजा झपाट्याने पुढे गेल्या आणि मोडलेल्या रेल्वेची झळ त्यांनाच बसली. माल किनाऱ्यावर पडलेला, फौज शेकडो किलोमीटर पुढे. तेव्हा २५ ऑगस्टला, ज्या दिवशी पॅरिस मुक्त झाले त्याच दिवशी, ‘रेड बॉल एक्सप्रेस’ नावाची ट्रकची वाहतूक सुरू झाली. रेड बॉल हा अमेरिकन रेल्वेतला तातडीच्या मालगाडीचा शब्द. जायचा रस्ता एक, यायचा दुसरा, दोन्ही एकेरी आणि इतर वाहनांना बंद. ऐन भरात एका दिवसात ५,९५८ वाहने धावली आणि बारा हजार टनांहून अधिक माल पोहोचला. १६ नोव्हेंबरला ती थांबली, तोवर चार लाख टनांहून जास्त माल गेला होता.

अडीच टन ही या ट्रकची कागदोपत्री क्षमता. ती कच्च्या रस्त्यासाठी होती. पक्क्या रस्त्यावर दुप्पट भरायची मुभा दिली गेली. आता हिशेब करू. पेट्रोल जात होते वीस लिटरच्या जेरीकॅनमध्ये. भरलेला कॅन साधारण १९ किलोचा. अमेरिकन अडीच टन म्हणजे सुमारे २,२७० किलो, म्हणजे १२० कॅन. दुप्पट म्हणजे २४० कॅन. आपल्या प्रमाणात एक कॅन तेरा मिलिमीटर उंच, बोटाच्या नखाएवढा. संचात असे मोजकेच कॅन मिळतात. बाकीचे? सिलिकॉनचा साचा करून ओतावेत किंवा वेगळा संच घ्यावा. बरेच जण हौद्यात खाली पुठ्ठ्याचे खोटे तळ बसवतात आणि वर एकच थर लावतात. यावर हौशी लोकांत वाद होतो. आमचे मत विचाराल तर खोटा तळ चालेल, कारण खरा ट्रक पाहतानाही खालचा थर दिसत नाहीच. पण पाटे मात्र २४० कॅनच्या हिशेबानेच वाकवलेले हवेत. तिथे तडजोड नको.

या कॅनची एक हकीकत आहे. पेट्रोलपेक्षा काही वेळा रिकाम्या कॅनचीच टंचाई जास्त जाणवे, कारण पुढे गेलेली फौज ते रस्त्याकडेला टाकून देई. मग ते गोळा करून देण्यासाठी फ्रेंच नागरिकांना आणि मुलांनाही आवाहन करावे लागले. रस्त्याकडेला टाकलेला एखादा कॅन, एवढे एक दृश्य पाटावर मांडले तरी पुष्कळ. रस्त्यावर फेकलेल्या खाण्याच्या डब्यांचे पत्रे टायर फाडत, हीसुद्धा तिथली मोठी डोकेदुखी होती. म्हणून अशा ट्रकचे दहाही टायर सारखेच झिजलेले दाखवू नका. एखादा नवा, काळाभोर, बाकीचे राखाडी. स्टेपनी तर बहुधा वापरलेलीच.

दृश्य मांडायचे म्हटले की मुलांना तीन-चार ट्रक एकामागे एक हवेसे वाटतात. पण ताफ्याचा नियम होता की दोन ट्रकमध्ये ६० यार्ड अंतर ठेवायचे. म्हणजे पंचावन्न मीटर, आणि आपल्या प्रमाणात दीड मीटरहून जास्त. ताफा निदान पाच ट्रकचा असे. तेवढे मांडायचे तर पाहुण्यांच्या खोलीची अख्खी लांबी कमी पडेल! त्यामुळे एका पाटावर एकच ट्रक ठेवणे हे गरिबीचे लक्षण नाही, उलट तेच नियमाला धरून आहे. ताशी २५ मैलांची वेगमर्यादाही होती. ती ड्रायव्हर लोक पाळत नसत, इंजिनाला लावलेला वेगरोधक काढून टाकत, आणि वरिष्ठ कानाडोळा करत. हे मॉडेलमध्ये दाखवता येत नाही, पण मुलांना सांगितले की त्यांचे डोळे चमकतात.

रंगाबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यावर पुस्तकेच्या पुस्तके आहेत. मूळ रंग मळकट ऑलिव्ह हिरवा. तामियाची एक्सएफ-६२ ही बाटली जवळची आहे. तो थेट बाटलीतून लावला तर छोट्या आकारावर फार गडद दिसतो, म्हणून थोडा पिवळसर रंग मिसळून फिका करावा. वाळल्यावर करडा-तपकिरी तैलरंग भरपूर पातळ करून खाचांतून वाहू द्यावा. मग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने कडा उजळाव्यात. इथपर्यंत ठीक. पण पुष्कळांना यापुढे गंजाचा मोह आवरत नाही. पत्रे कुजलेले, मडगार्डला भोके, जणू भंगारवाल्याच्या दारातली गाडी. अहो, तो ट्रक कारखान्यातून निघून फार तर दोन-तीन वर्षे झालेली होती! त्याच्या अंगावर चिखल हवा, धूळ हवी, तेलाचे ओघळ हवेत. पायरीवरचा रंग बुटांनी घासलेला हवा, दाराच्या मुठीभोवती हाताळल्याची चमक हवी. समोरच्या काचेला धूळ लावण्याआधी चिकटपट्टीचा पंख्यासारखा तुकडा चिकटवून ठेवा. धूळ बसल्यावर तो काढला की वायपर फिरल्याची स्वच्छ कमान उरते. धुळीसाठी महागडी पावडर आणायची गरज नाही, खडूची पूड चालते. शाळेत ती आम्हाला फुकट मिळते.

ताडपत्रीसाठी टिश्यू पेपर पाणी मिसळलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवून लोखंडी कमानींवर टाकावा आणि ओला असतानाच मधली झोळ बोटाने पाडावी. दोऱ्या म्हणजे शिवणाचा दोरा, मेण लावलेला, नाहीतर त्याचा केसाळपणा दिसतो. ब्रेकच्या नळ्यांसाठी जुन्या इअरफोनमधली तांब्याची तार. या कामात घरातल्या अम्मी-आपांचा हात आमच्यापेक्षा नक्कीच हलका असतो. जरदोजीची सवय असलेल्या बोटांना चिमटा लागतच नाही.

आता केबिनमध्ये कोण बसले आहे ते पाहू. हौशी प्रदर्शनांत आणि पेट्यांवरच्या चित्रांत या ट्रकचा ड्रायव्हर बहुधा गोरा असतो. मुले गुलाबी रंगाची बाटली उघडतात आणि चेहरा रंगवून मोकळी होतात. पण रेड बॉलच्या ड्रायव्हरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय अमेरिकन होते. त्यावेळचे अमेरिकन लष्कर वर्णभेदाने विभागलेले होते. कृष्णवर्णीयांच्या तुकड्या वेगळ्या, त्यांची राहण्याची सोय वेगळी, आणि लढाईपेक्षा ओझी वाहण्याची, रस्ते बांधण्याची, गोदामाची कामे त्यांच्या वाट्याला जास्त. ज्या कामाला मान नव्हता तेच काम अडले असते तर रणगाडे उभेच राहिले असते. १९५२ साली या वाहतुकीवर ‘रेड बॉल एक्सप्रेस’ नावाचा हॉलिवूडचा चित्रपट आला. त्यात पुढे मोठा झालेला सिडनी पॉयटिए होता, पण दुय्यम भूमिकेत. नायक गोरा अधिकारी. लष्करातला हा भेद संपवण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी २६ जुलै १९४८ ला काढला, तोवर युद्ध संपून तीन वर्षे होत आली होती.

म्हणून साडेसहा मिलिमीटरचा तो चेहरा आम्हाला सगळ्या ट्रकपेक्षा महत्त्वाचा वाटतो. पाटे, अ‍ॅक्सल, टायर यांच्यासाठी जो मुलगा फोटो धुंडाळतो, त्याने माणसाच्या बाबतीत अंदाजपंचे रंग लावू नये. सावळा चेहरा रंगवायची रीतही थोडी वेगळी आहे. सरळ काळा रंग लावला तर कोळसा दिसतो. आधी लालसर गडद तपकिरी द्यावा. उजळ भागांसाठी त्यात पांढरा मिसळू नये, कातडीवर राख फासल्यासारखे होते. त्याऐवजी पिवळी माती किंवा नारिंगी थेंबभर मिसळावी आणि कपाळ, नाकाचा शेंडा, गालाची हाडे यांवर टेकवावी. डोळ्यांचे पांढरे ठिपके करू नयेत. तो माणूस रात्रभर गाडी हाकून आलेला आहे, डोळे अर्धवट मिटलेलेच बरे. शेजारी दुसरा ड्रायव्हर डोके टेकून झोपलेला दाखवला तर उत्तमच, कारण गाडी रात्रंदिवस चालू ठेवायला माणसे आळीपाळीने बसत.

हे सगळे फ्रान्समध्येच घडले असे नाही. असेच अमेरिकन ट्रक आसामातल्या लेडो गावाहून ब्रह्मदेशमार्गे चीनमधल्या कुनमिंगपर्यंत गेले. १२ जानेवारी १९४५ ला ११३ वाहनांचा पहिला ताफा लेडोहून निघाला आणि ४ फेब्रुवारीला पोहोचला. तो डोंगरी रस्ता बांधण्यासाठी पंधरा हजारांवर अमेरिकन सैनिक लागले, त्यांतही बहुसंख्य कृष्णवर्णीयच, आणि त्यांच्या जोडीला हजारो स्थानिक मजूर. ज्याला आपल्या मुलुखाचे दृश्य मांडायचे आहे त्याने फ्रान्सचा डांबरी रस्ता सोडून लेडोचा लाल चिखल करावा. चिखलासाठी फेव्हिकॉल, बारीक चाळलेली माती आणि थोडा तपकिरी रंग पुरतो. पाऊस नुकताच थांबला आहे असे दाखवायचे तर चाकोऱ्यांत चकचकीत व्हार्निशचा एक हात.

आयात केलेले संच महाग पडतात, हे आम्हाला ठाऊक आहे. सर्वांनी ते घ्यावेत असा आमचा आग्रह नाही. आपल्या फौजेचा जुना शक्तिमान ट्रक, जो जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने १९५९ पासून जबलपूरला तयार होऊ लागला, तो पुठ्ठ्यातून छान होतो. त्याचे सपाट बॉनेट, सरळ कडांची केबिन आणि उंच हौदा पाहता तो नवशिक्याच्या पट्टीला आणि कटरलाच मानवतो. लग्नपत्रिकेचा जाड कागद चॅसीला, आइस्क्रीमच्या काड्या हौद्याच्या फळ्यांना, चाकांना औषधाच्या बाटल्यांची एकसारखी झाकणे. वजनाचा नियम त्यालाही तोच. आधी माल ठरवा, मग पाटे वाकवा, मग रंग. आणि फाळका सगळ्यात शेवटी चिकटवा, माल आत भरायचा असतो.